भिंतीआडचा रियाज

१

उन्हाळ्यात आमची कन्याशाळा सकाळची भरायची. मुलींना सोडून मी निघायची तेव्हा वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारातली दुकानं अर्ध्या फळ्या लावून बसलेली असत. गल्लीच्या तोंडाशी आलं की पुंजाची गिटार ऐकू यायची. घरात शिरून मी पाय धुवायची, चूल पेटवायची, पीठ भिजवायची. भिंतीपलीकडच्या खोलीत तो एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत असायचा. माझी भाकर त्याच चालीवर थापली जायची. तो चुकला की माझा हातही परातीत थांबायचा.

पुंजाजी माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मीच त्याला न्हाऊमाखू घातलं. पुढे मला धनज गावी दिलं, नवरा लवकर गेला, आणि मी एक पत्र्याची पेटी घेऊन माघारी आले. शेजारपाजारच्या बाया डोळ्याला पदर लावत होत्या तेव्हा पुंजाने माझ्या हातातली पेटी घेतली आणि म्हणाला, "बाई, तू शिक. सातवीची फायनल पास हो. घराचं मी पाहातो." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मी शिकले, मास्तरीण झाले. शेत बटईनं, अर्ध्या वाट्याने दिलं होतं. पुंजाने लाउडस्पीकरचा धंदा धरला. लग्न असो, सप्ताह असो, निवडणुकीची सभा असो, त्याचं आवाज वाढवायचं मशीन, मोटारीची बॅटरी, ग्रामोफोन आणि दोन भोंगे बैलगाडीत पडलेच म्हणून समजा.

गिटार त्याने नागपूरच्या एका बँडवाल्याकडून आणली होती. मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या बोटांत नख्या घालून छेडायची. मुळात तिचा आवाज बेताचा. पुंजाने जुन्या टेलिफोनमधलं चुंबक आणि तारेचं वेटोळं काढून तिच्या तारांखाली बसवलं, त्याची वायर मशीनला जोडली, आंब्याच्या फळ्यांची पेटी करून तिच्यात स्पीकर ठोकला. बॅटरी लावली की आधी पेटीतून घूं असा आवाज निघायचा, मग तारेला नुसतं बोट लागलं तरी फळीवरची भांडी हलायची.

हे वेड एका तबकडीने लावलं होतं. तंबूच्या सिनेमावाल्याने मध्यंतरात इंग्रजी नाचाची तबकडी लावली आणि पुंजा तमाशाला आल्यासारखा उभा राहिला. "रॉक अँड रोल म्हणतात त्याले, बाई," तो मला सांगायचा. ती तबकडी त्याने सिनेमावाल्याकडून मागून आणली. तिच्यात मधेच गिटार एकटी सुटायची आणि घोडं उधळल्यासारखी खालून वर, वरून खाली पळायची. पुंजा त्याला दौड म्हणायचा. ग्रामोफोनची चावी ढिली करून तो तबकडी हळू फिरवायचा, सूर उतरले की आपल्या तारा तेवढ्याच उतरवायचा आणि दौडीतला एकेक सूर वेचायचा. आधी हळू, मग थोडं जलद. कुठे घसरला की पुन्हा पहिल्यापासून.

"कालच्यापरीस बरं हाय का?" भिंतीपलीकडून विचारायचा.

"मधात अडकतं अजून," मी म्हणायची.

"कोठी?"

"वर चढून उतरतोस ना, तेथी. पाय मुरगळल्यावानी."

मला सुरातलं काही कळत नव्हतं. पण रोज ऐकून कान तयार झाला होता.

त्या दिवशीही तसंच झालं. शाळेतून आले, गिटार चालू होती. मी चूल पेटवली. दौड त्या नेहमीच्या जागी अडकली नाही. मी कौतुकाने म्हटलं, "आज जमलं रे! आता जेवून घे." तो काही बोलला नाही. वाजवतच राहिला. भाकर तव्यावर टाकली तेवढ्यात ओसरीवर पावलं वाजली आणि खांद्यावर बॅटरी घेतलेला पुंजा घामाने निथळत आत आला.

"वाशीमची बस फेल झाली होती," तो बॅटरी खाली ठेवत म्हणाला. "चार्जिंगवाल्यानं बसवून ठेवलं ते येगळंच. पाणी दे व, बाई."

भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. कधी थांबला, ते मला सांगता येणार नाही.

२

मी शिकलेली बाई. वर्गातल्या पोरींना भुताखेताचं बोलू देत नसे. तेव्हा पहिल्यांदा मी खोलीत जाऊन ग्रामोफोन पाहिला. त्याच्यावर तबकडी नव्हती. गिटार खाटेवर फडक्याखाली झाकलेली होती. मशीनच्या वायरी मोकळ्या लोंबत होत्या. मग मनाला सांगितलं की कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला असेल. गल्लीत रेडिओ एकट्या कापूस दलालाकडे होता आणि तो आपल्या गावी गेला होता. मग म्हटलं, कानाला सवय लागते. घड्याळ बंद पडलं तरी माणसाला टिकटिक ऐकू येतेच की. हे कारण मला पटलं आणि मी पुंजाला काही सांगितलं नाही.

नंतर एका दुपारी तो माझ्यासमोर जेवायला बसला होता. वरणात भाकर कुस्करून त्याने घास उचलला आणि भिंतीपलीकडे घूं असं झालं.

त्याचा हात तोंडाशी थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. बॅटरी आमच्या दोघांच्या मधे, दाराशी होती. उन्हात तापेल म्हणून त्यानेच तिथे आणून ठेवली होती.

मग गिटार सुरू झाली. दौड आली. खालून वर गेली, क्षणभर लटकली, आणि खाली उतरताना एक नवीनच वळण घेऊन आली. फळीवरचा तांब्या थरथरत होता. घरातलं सगळं जिथल्या तिथे होतं. माझा भाऊ समोर बसलेला होता आणि त्याचंच वाजवणं आतून येत होतं. त्याचंच, यात मला शंका नव्हती. आईला जसं लेकराचं खोकणं ओळखू येतं तसं मला त्याचं वाजवणं ओळखू यायचं.

"पुंजा," मी हळूच म्हटलं, "कोण हाय तेथी?"

त्याने बोट ओठावर ठेवलं. तो भ्यायला नव्हता. त्याचे डोळे बारीक झाले होते, मान तिरकी झाली होती. तबकडी ऐकताना व्हायची तशी.

"पाह्य," तो पुटपुटला. "खाली येताना थो तिसऱ्या तारेवर नाई गेला. कांडी तेथीच ठेवली अन् दुसरी तार घेतली. म्हून अडकत नाई! म्या एवढे दिवस कांडी पळवून राह्यलो."

आवाज थांबला. पुंजा हात न धुता उठला. कुणी पदराला धरून ओढावं तशी मी त्याच्या मागे गेले. खोलीत कुणी नव्हतं. बारदानांनी झाकलेल्या भिंती, खाट, कोपऱ्यातलं स्टूल. गिटारवरचं फडकं तसंच होतं. पुंजाने ते उचललं. तारा अजून थरथरत होत्या. त्यांचा नुसता धुरकट पट्टा दिसत होता. मी लोखंडी कांडीला हात लावला. ती कुणी हातात धरून ठेवल्यासारखी कोमट होती.

पुंजाने वायरी जोडल्या, खाटेवर बसला आणि ते नवं वळण वाजवून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. मग जमलं. तो माझ्याकडे पाहून लहानपणी हसायचा तसा हसला.

३

त्यानंतर आम्ही ते घरातलंच धरून चाललो. कसं, याचं आज मला नवल वाटतं. माणूस कशाचीही सवय करून घेतो. ती खोली रोज वाजायची नाही. वाजायची ती दुपारीच, आणि पुंजा खोलीत नसताना. तिथे जे आज वाजायचं ते पुंजाला थोड्या दिवसांनी यायचं. पुढे पुढे तो मुद्दामच ओसरीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायला लागला.

"हा मीच हावो, बाई," एकदा तो म्हणाला. "अजून याच्या हाय त्या परवाचा मी."

"आपलाच माणूस आपल्याले शिकवते का कोठी?"

"मले दुसरा शिकवणारा कोण हाय या मालेगावात?"

 आणि त्याचा हात खरोखर सुधारत चालला होता. आधी तो सगळ्या तारांचा कल्ला करायचा. आता नको त्या तारा तळहाताच्या कडेने दाबून ठेवायला शिकला. कांडी जरा मागेपुढे डुलवून सूर रडवायला शिकला. मंगरूळपीरच्या उरुसात भोंगा लावायला गेला तेव्हा कव्वालीच्या आधी लोकांनी त्याला वाजवायला बसवलं. कोणी काय काय म्हणालं ते तो मला भाकरी खाता खाता सांगत होता. घरात इतका आनंद कधी आला नव्हता. म्हणून मी त्याला अडवलं नाही.

पण एकटी असले की मी त्या खोलीकडे पाठ करून बसायची नाही. घूं आवाज सुरू झाला की चुलीपुढचं पाणी ओतायचं निमित्त करूनसुद्धा मला अंगणात निघून जावंसं वाटायचं. दार उघडून आत गेलं की वाजणं तिथेच तुटायचं आणि तारा तेवढ्या थरथरत राहायच्या. नुसती बारीक फट करून पाहायची हिंमत मला झाली नाही. आत कुणी दिसलं नाही तरी वाईट, आणि दिसलं तरी वाईट.

४

चैत्रातली गोष्ट. रविवार होता. आम्ही दोघं ओसरीवर कैऱ्या फोडत बसलो होतो आणि आतून ते आलं.

मी ते कसं सांगू? तीच दौड होती, पण तिच्यात कुठे कष्ट नव्हता. पाणी उतारावरून जावं तशी ती जात होती. वर जाऊन एका सुरावर थांबली, तो सूर ताणत ताणत इतका नेला की माझा श्वास अडकला, मग सोडला आणि ती हसत खिदळत खाली आली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. विळीवर धरलेली कैरी पुंजाच्या हातात तशीच राहिली होती.

"इतकं येईन मले?" तो म्हणाला. "बाई, इतकं येईन?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर खोली गप्प झाली. पुंजा रोज वाट पाहायचा. एका दुपारी मी भांडी घासत होते, तो बाहेर वायरी गुंडाळत होता, तेव्हा घूं झालं. आम्ही दोघांनी मान वर केली.

एक तार वाजली. नुसती एक. मग बराच वेळ काही नाही. मग तीच पुन्हा, बेसूर. कांडी तारांवरून खरडत गेली आणि खट् करून लाकडावर आपटली. पुन्हा एक तार. दौडीचे पहिले दोन सूर ओळखू आले, तिसरा चुकला, आणि सगळं थांबलं. हात नसलेल्या माणसाने कोपराने वाजवावं तसं ते वाजणं होतं.

पुंजा उठला नाही. त्याने आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"हात जाते माया," तो म्हणाला.

"काहीबाही बोलू नको."

"मंग काय हाय ते? तूच सांग. तुले तं माया हात आयकू येते ना?"

मी ऐकलं होतं. ते वाजवणं त्याचं वाटत नव्हतं. पण बोटं तुटलेल्या माणसाचं वाजवणं त्याचं वाटेल तरी कसं? मी म्हटलं, "मले नाई समजत," आणि राखेने तीच परात पुन्हा घासायला घेतली.

५

त्या दिवसापासून मी त्याच्या हातांची राखण करायला लागले. कडबा तोडायला गडी लावला. विळीवर त्याला बसू दिलं नाही. भोंगा बांधायला तो निंबावर चढायचा, तेही मी बंद केलं. कामाला जाताना हाताला फडकं गुंडाळून जायचं, असं मी त्याला सांगितलं आणि त्याने लहान पोरासारखं ऐकलं. आत ते तुटकं वाजणं चालूच होतं. रोज थोडं. एक तार, थांबणं, खरडणं, थांबणं. शाळेत फळ्यावर लिहितानाही माझ्या कानात ते यायचं. कुठे अडतं, कुठे कांडी आपटते, सगळं मला पाठ झालं.

मग पुंजाने स्वतःच एक हिशोब लावला.

"पाह्य बाई," तो म्हणाला, "आधी ते चांगलं वाजलं. मंग हे. जे आधी वाजते ते आधी होते. आतापावतर असंच झालं का नाई?"

"हाव."

"मंग म्या ते चांगलं वाजवलंच नाई, तं हे मागचं येईन कसं?"

आणि त्याने रियाज सोडला. दौड त्याच्या बोटांत अगदी भरून आली होती. एखाद दिवसाचं काम राहिलं होतं. ते त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्याने गिटार फडक्यात बांधून खुंटीला टांगली. दुपारी तो ओसरीवर बसे आणि त्याची बोटं मांडीवर आपोआप हलत. लक्षात आलं की तो मुठी आवळून घेई. जेवणात त्याचं लक्ष नसे. बोलला तर बॅटरीचं, नाही तर बसचं बोले. आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी तो इतका झटला ती त्याच्या हाताशी आली होती आणि तो तिच्याकडे पाठ करून बसला होता. मला त्याच्याकडे बघवत नसे.

वैशाखात मोहनसिंग आला. मोहनसिंग म्हणजे पुंजाच्या गाडीचा भिडू. भोंग्याचं सामान त्याच्याच बैलगाडीतून जायचं. त्याचा बंजारा तांडा डोंगराच्या अंगाला होता. त्याची मुलगी कमली, तिचं लग्न निघालं होतं.

"भोंगा तं आणशीनच," तो पुंजाला म्हणाला. "पण तुया बाजा पायजे. पोरगी म्हणते, काका वाजवीन तवाच मी मांडवात बसतो."

"बाजा बंद केला मोहन. हात दुखते."

मोहनसिंगने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तरीणबाई, खरं हाय का?"

मी पाण्याचा तांब्या आणायला वळले. मोहनसिंगचं तोंड पडलं. "बरं," एवढंच म्हणून तो पाण्याला न थांबता उठला. दारापर्यंत गेला तेव्हा पुंजाच म्हणाला, "थांब बे. येतो. बाजा घेऊन येतो."

तो गेल्यावर मी पुंजावर चिडले. तो शांत होता. "दुसरं वाजवीन, बाई. साधी गाणी वाजवीन. दौड नाई घेत. तुई शपत."

निघाला त्या सकाळी मी त्याच्या खिशात कांदा घातला, डोक्याला ओलं उपरणं बांधलं. हाताला फडकं बांधायला गेले तर तो हसला. "वाजवू कसा मंग?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर मोहनसिंगची गाडी आमच्या दारात उभी होती. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. मोहनसिंग आणि रूपला नावाचा त्याचा भाऊ पुंजाला ओसरीवर उतरवत होते. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. मी पन्हं केलं, ते त्याच्या ओठातून बाहेर आलं. तळव्यांना कांदा चोळला, ओल्या चादरी टाकल्या. रूपला डॉक्टरकडे पळाला. पुंजाचे डोळे अर्धे उघडे होते. मला वाटतं त्याने मला ओळखलं. "बाई," म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं होतं ते ओठातच राहिलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोहनसिंग खांबाला धरून उभा होता. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. पहाटे निघायचं होतं, पण बायांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग ऊन चढलं. वाटेत पुंजाला गरगरलं, तो म्हणाला गाडी हाक, बाई वाट पाहात असन.

"वाजवलं का त्यानं?" मी विचारलं.

"अवं बाई, काय वाजवलं!" तो रडत रडत हसला. "साधीच गाणी वाजवून राह्यला होता. मंग पोरी नाचाले उतरल्या, डफड्यावाले पेटले, कमली मांडवातून उठून पुढे आली. त्यानं डोये मिटले, अन् काय झालं काय मालूम... सुटला तो. घोड्यावानी सुटला. एका सुरावर असा थांबला का तांड्यातलं लेकरू रडाचं थांबलं. मंग खाली आला, अन् हासला. म्हणाला, हेच व्हतं ते, मोहन."

मी पुंजाचे हात हातात घेतले. तळवे उघडले. एक एक बोट पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. ते हात घेऊन मी बसून राहिले.

७

खोलीला मी कडी घातली. मशीन आणि भोंगे मोहनसिंग घेऊन गेला. गिटार तेवढी मी राहू दिली. पावसाळा आला नि गेला. त्या काळात आतून एकदाही काही वाजलं नाही. मी दार बंद असतानाही कान देऊन बसायची. भीती कधीच गेली होती. त्याचं कुठलंही वाजवणं आलं असतं तर मला ते हवं होतं. माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता, की ज्याला पुढचा परवाच उरला नाही त्याचं परवाचं वाजणं कुठून येणार?

दिवाळीच्या सुटीत मी कडी काढली. नुसतं झाडायचं होतं. बारदानाला बुरशी आली होती. गिटारचं फडकं झटकायला घेतलं आणि ती हातात आल्यावर ठेववेना. मी खाटेवर बसले. त्याच्यासारखी मांडीवर आडवी घेतली. नख्या माझ्या बोटांना मोठ्या होत होत्या. एक तार छेडली.

वायर कशाला जोडलेली नव्हती, तेव्हा आवाज बारीकसाच आला. मी थांबले. बराच वेळ थांबले. मग तीच तार पुन्हा छेडली. बेसूर लागली. कांडी सरकवून पाहावी म्हणून सरकवली तर ती तारांवरून खरडत गेली आणि खट् करून लाकडावर आपटली.

ही खट् मी आधी ऐकली होती.

पुढे काय आहे ते मला पाठ होतं. चैत्र-वैशाखात ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आता एक तार, मग दौडीचे पहिले दोन सूर, तिसरा चुकणार आणि थांबणार. मी म्हटलं, नाही थांबायचं. काही झालं तरी तिसऱ्याला चुकायचं नाही. पहिला सूर काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला कांडी कुठे ठेवायची तेच मला माहीत नव्हतं.

पुंजाने आपले हात उलटेपालटे करून पाहिले होते, मी त्यांना फडकी गुंडाळली होती, त्याने हातातोंडाशी आलेली विद्या खुंटीला टांगली होती. आणि ते तुटकं वाजवणारे हात माझे होते. तो नसलेल्या घरात बसलेल्या माझे. आम्ही दोघांनी ते इतकं कान देऊन ऐकलं आणि दोघांनाही कळलं नाही.

मी तिथे बसून मोठ्याने रडले. तो गेला त्या दिवशीही तशी रडले नव्हते.

८

मग मी शिकायला लागले. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. विधवा मास्तरीण दुपारची दार लावून तार छेडते, म्हणून बोललेही असतील. मला शिकवायला कुणी नव्हतं, पण तो कसा शिकला ते मी भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. आधी हळू, मग थोडं जलद. घसरलं की पहिल्यापासून. नको त्या तारा तळहाताने दाबायच्या. उतरताना कांडी पळवायची नाही. माझी बोटं चाळिशीकडे झुकलेल्या बाईची, चुलीत भाजलेली, खडूने कोरडी पडलेली. दौडीचा पहिला तुकडा बरा यायला लागला तेव्हा मृगाची हवा सुटायला लागली होती.

पुढे एका शनिवारी दुपारी शाळेतून आले, चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. भिंतीपलीकडे घूं झालं. त्या खोलीत आता मशीन नव्हतं, बॅटरी नव्हती, काही नव्हतं.

मी पिठाचे हात घेऊनच उठले. गिटार वाजत होती. दौड येत होती, हळू, पण नितळ. मी दाराशी गेले. पूर्वी नव्हती ती हिंमत आता कुठून आली, कोण जाणे. दार ढकललं नाही. फटीला डोळा लावला.

खाटेवर पाठमोरी एक बाई बसली होती. खूप म्हातारी. केस पांढरे, विरळ, मानेवर बारकी गाठ. खांदे आत गेलेले. पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा तिच्या मनगटावर होता आणि तिथे सैल कातडीत गोंदणाची तुळस दिसत होती. धनजला जायच्या आधी माझ्या हातावर काढलेली तीच.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बारदानं नव्हती. एक लोटा होता, एक काठी होती. किती वर्षं असतील मधे? मी मोजली नाहीत.

तिने दौड वर नेली. मला येत नव्हती तिथपर्यंत नेली, त्या सुरावर थांबली, आणि तो ताणला नाही. हात तारांवरून उचलला. मान हळूच कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळवली, आता तू घे म्हणून पुंजाला जागा करून द्यावी तशी. स्टूल रिकामं होतं. ती कान देऊन बसली.

मीही दाराला टेकून कान दिला. माझे पिठाचे हात दारावर उमटले होते. तवा मागे तापत होता.

खूप वेळ झाला. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.